मावशीचं मंगलाष्टक आणि क्लाउड

लग्नात मंगलाष्टकं कुणीही ऐकत नाही, हे माझं जुनं मत आहे. माणसं मुठीत अक्षता धरून उभी असतात. शेजारच्याला गाडी कुठे लावली ते विचारत असतात. जेवायला पंगत आहे की बुफे, याचा अंदाज वासावरून घेत असतात. मग 'सावधान' ऐकू येतं आणि सगळे मिळून पुढच्या रांगेतल्या माणसाच्या मानेत तांदूळ टाकतात. मधल्या चार ओळींत कुणी काय रचलं होतं, हे रचणाऱ्यापलीकडे कुणालाही माहीत नसतं.

आमच्या नात्यात रचणारी म्हणजे माझी मावशी. ती विश्रांतवाडीला राहते. एका सरकारी कचेरीत तिने आयुष्यभर दुसऱ्यांचे मसुदे दुरुस्त केले आणि निवृत्त झाल्यावर आमचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप दुरुस्त करायला घेतले. घरातल्या प्रत्येक लग्नाला तिचं मंगलाष्टक असतं, वृत्तात चोख बसवलेलं. मागच्या वर्षी तिच्या स्वतःच्या एकुलत्या एका लेकीचं, म्हणजे माझ्या मावसबहिणीचं लग्न ठरलं आणि अडचण आली. आमच्याकडे मंगलाष्टकं चालू असताना नवरीची आई मांडवात थांबत नाही. ती मागे तुळशीला पाणी घालत उभी राहते. का, म्हणून मी विचारलं, तर "असतं तसं" एवढंच उत्तर मिळालं. म्हणजे सगळ्या नात्याला मंगलाष्टकं पुरवणाऱ्या बाईला लेकीसाठी रचलेलं मंगलाष्टक लेकीसमोर म्हणता येणार नव्हतं. ते दुसऱ्या कुणीतरी म्हणायचं आणि हिने मागच्या अंगणात हातात तांब्या घेऊन लाउडस्पीकरवर ऐकायचं.

"माझं एवढंच म्हणणं आहे," मावशी म्हणाली, "की माझे शब्द तिच्या कानावर नीट पडावेत. बाकी लग्नात तुम्ही काय हवा तो गोंधळ घाला."

म्हणणार होता मामा. नवरीच्या मागे मामा उभा राहतो, त्यामुळे मान त्याचा, आणि आवाजही त्याचाच. मामाचा आवाज असा, की माइक त्याला केवळ शोभेसाठी द्यायचा. दोष एकच. समोर जे लिहिलेलं असेल ते तो संपूर्ण श्रद्धेने म्हणतो, अर्थाच्या भानगडीत पडत नाही. आधीच्या एका लग्नात छापील कागदावरच्या चार ओळी झाल्यावर त्याने खालचं छापखान्याचं नाव आणि पत्ताही त्याच चालीत म्हटला होता. पत्ता बुधवार पेठेतला होता आणि वृत्तात बऱ्यापैकी बसलाही होता. लोकांनी त्यावर अक्षता टाकल्या.

"कागद नकोच," मी म्हणाले. "मी वेबसाइट करते. मामाने फोन समोर धरायचा. मोठी अक्षरं, फक्त चार ओळी, आजूबाजूला काही नाही."

"चार ओळींसाठी वेबसाइट?"

"हो."

"बरं," मावशी म्हणाली. "वेळ आहे तुमच्याकडे."

मी खराडीला एका कंपनीत याच कामाचा पगार घेते, त्यामुळे हे बोलणं मला लागलं आणि मी इरेला पेटले. रचना साधी ठेवली. एक छोटा प्रोग्रॅम, त्याच्या शेजारी एक साधी फाइल. फाइलीत मंगलाष्टक. प्रोग्रॅमने फाइल उघडायची, ओळी वाचायच्या, पडद्यावर दाखवायच्या. मावशी शब्द बदलत राहणार हे मला ठाऊक होतं, म्हणून शब्द वेगळ्या फाइलीत ठेवले. इथपर्यंत मी हुशार होते.

मावशीच्या ओळी अजून आल्या नव्हत्या. अक्षरं पडद्यावर मावतात का ते बघायला मला कुठल्यातरी चार ओळी हव्या होत्या. लहानपणी सुट्टीत मावशी आम्हा मुलांकडून टाळ्या वाजवून वृत्तं घोटून घ्यायची, त्यामुळे शार्दूलविक्रीडित माझ्या अंगात मुरलेलं आहे, काढलं तरी निघत नाही. दुपारची वेळ होती आणि मी जेवले नव्हते. बसल्या बसल्या लिहिलं:

खावे थालिपिठासवे मउ दही, लोणी वरी गोड ते
आला कोण कुणाकडून कळले नाही अजूनी कुणा
पंख्याखालि बसून फोन बघती, काका उठेना कुणी
हाती घेउन अक्षता उभि सभा, कुर्यात् सदा मंगलम्

ओळी पडद्यावर सुरेख मावल्या. मग मी जेवले.

यथावकाश मावशीने फोनवर आपलं मंगलाष्टक सांगितलं आणि मी ते फाइलीत लिहून घेतलं. सोबत अट घातली, की मुहूर्ताच्या आधी ते कुणीही वाचायचं नाही. मामाने नाही, नवरीच्या वडिलांनी नाही आणि नवरीने तर मुळीच नाही. आता आमची नवरीसुद्धा आयटीतलीच. पानाभोवतीची फुलांची नक्षी तिनेच काढून दिली होती. प्रोग्रॅम ज्या सामायिक ऑनलाइन कोठारात ठेवला होता, त्याची किल्ली तिच्याकडेही होती आणि ती रोज तिथे डोकावत होती. म्हणून मी कोठाराला सांगून ठेवलं, की या एका फाइलीकडे दुर्लक्ष कर, ती आत घेऊच नकोस. फाइल राहिली फक्त माझ्या लॅपटॉपवर. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

लॅपटॉपवर सगळं झकास चालत होतं. मग मी ते क्लाउडवर चढवलं. क्लाउड म्हणजे ढगबिग काही नसतं, दुसऱ्या कुणाचा तरी कुठेतरी ठेवलेला कॉम्प्युटर असतो आणि तो आपल्याला कधी दिसत नाही, म्हणून त्याला गोड नाव दिलंय. तिथे पान उघडलं. फुलांची नक्षी आली, आणि मधोमध जिथे मंगलाष्टक यायचं तिथे लिहून आलं: फाइल सापडली नाही.

दुवा मी तोवर फक्त मावशीला दिला होता आणि तिने नेमका तेव्हाच तो उघडला. फोन आला.

"हरवलीस?"

"हरवली नाही गं. माझ्या लॅपटॉपवर आहे ना."

"मग वर काय पाठवलंस?"

"बाकीचं सगळं."

"अच्छा. नवरी सोडून वऱ्हाड पाठवलंस."

ऑफिसात माझ्या शेजारी नागपूरचा एक सहकारी बसतो. स्वभावाने शांत, आणि दुसऱ्याची चूक सापडली की आणखी शांत होतो. त्याने माझ्या पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तू फाइलचा पत्ता कुठला देऊन राहिली?" त्याने विचारलं.

मी पत्ता दिला होता माझ्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपचा. त्या दूरच्या कॉम्प्युटरवर माझं डेस्कटॉप असण्याचं कारणच नव्हतं. तो बिचारा निष्ठेने शोधत होता आणि त्याला काही सापडत नव्हतं. मी पत्ता दुरुस्त केला. तरी तेच. मग कळलं, की आपण क्लाउडवर पाठवतो ते गाठोडं असतं, आणि त्या गाठोड्यात प्रोग्रॅम बांधला जात होता, शेजारची साधी फाइल नाही. 'हिलाही घे' असं वेगळं सांगावं लागतं. कुणाकडे आमंत्रण देताना 'मुलांनाही आणा' म्हणावं लागतं तसं. तेही सांगितलं. लॅपटॉपवरून पुन्हा गाठोडं बांधून पाठवलं, आणि मावशीचं मंगलाष्टक क्लाउडवर उमटलं. मी जागेवरून उठून टाळ्या वाजवल्या. सहकारी नुसता "हं" म्हणाला.

पण ते 'फाइल सापडली नाही' माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. ऐन मुहूर्तावर तसं झालं असतं, तर मामाने तेच चालीत म्हटलं असतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. म्हणून मी एक सोय करून ठेवली. फाइल मिळालीच नाही, तर पडदा तसा ठेवायचा नाही, कुठल्यातरी चार ओळी दाखवायच्या. हाताशी कुठल्या ओळी होत्या, ते वर सांगितलंच आहे. त्या मी प्रोग्रॅमच्या पोटातच लिहून टाकल्या, म्हणजे हरवायचा प्रश्नच नको. नंतर बदलू, असं म्हटलं. नंतर विसरले.

कारण मावशीने शब्द बदलायला सुरुवात केली. 'सानुली'चं 'चिमुकली' झालं. दुसरी ओळ पूर्ण गेली आणि नवी आली. ती तिच्या वहीत शब्द बदलायची, मला फोनवर सांगायची, मी फाइलीत बदलायचे, आणि ती त्याच क्षणी वेबसाइट उघडून म्हणायची, "अजून जुनंच दिसतंय."

"अगं, फाइल गाठोड्यात बांधून जाते. मी पुन्हा बांधून पाठवेपर्यंत वर जुनीच राहणार. डबा ऑफिसला गेल्यावर घरी भाजीत मीठ घातलंस तर डब्यात पोचेल का?"

"डब्याबरोबर मिठाची पुडी द्यायची असते," मावशी म्हणाली. "इतक्या शिकलात, तरी एवढं सुचत नाही?"

हे मी त्या सहकाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर बोलून राहिल्या त्या." मग म्हणाला, "पण आता लग्न आलं. तू किती वेळा हाताने पाठवशील? ऑटोमॅटिक लाव ना." म्हणजे मी फक्त एक बटण दाबायचं, क्लाउडने परस्पर कोठारातून सगळं उचलायचं, गाठोडं बांधायचं आणि चढवायचं. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मी ते लावून टाकलं. कोठारात एक फाइल येऊच नये असा बंदोबस्त आपणच करून ठेवलाय, हे माझ्या डोक्यात त्या दिवशी नव्हतं. त्या दिवशी डोक्यात दोन साड्यांचे फॉल होते.

संध्याकाळी मेंदी. मावशीच्या घरी सगळ्या बायका जमल्या होत्या. करवली मी, वयाला शोभत नसले तरी, त्यामुळे माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी काढून झाली होती आणि मी दोन्ही हात आरती घेतल्यासारखे पुढे धरून बसले होते. मावशी स्वयंपाकघरातून आली, मला डोळ्याने खुणावलं आणि आतल्या खोलीत नेलं.

"शेवटची ओळ बदलायची आहे."

"आत्ता?"

"ती लक्ष्मी-सरस्वतीची ओळ माझी नाही. ती सगळ्यांची आहे. ही माझी आहे." आणि तिने मला नवी ओळ म्हणून दाखवली. हळूच, दार लावून.

ओळ ऐकल्यावर मी नाही म्हणू शकले नाही. लॅपटॉप माझ्या पिशवीत होता. तो तिने उघडला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, स्वतःच ओळ लिहिली. माझ्या बोटांना मेंदी, त्यामुळे मी नुसती 'वरचं, त्याच्या शेजारचं, ते नव्हे' करत होते. मग पाठवायचं बटण मी कोपराने दाबलं. हिरवी खूण आली.

"आता फोनवर उघडून बघ," मी म्हणाले. "मला हात लावता येत नाही."

मावशीने पान उघडलं. चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता. तिने फोन लांब धरला, जवळ धरला.

"दिसतंय काहीतरी."

"चार ओळी आहेत?"

"आहेत."

"शेवटी मंगलम् आहे?"

"आहे की."

"झालं तर मग," मी म्हणाले. कामाच्या ठिकाणी माझ्या हाताखालच्या कुणी अशी तपासणी केली असती तर मी त्याला उभा फाडला असता.

लग्न मार्केट यार्डच्या बाजूला एका कार्यालयात होतं. सकाळचा मुहूर्त. लॅपटॉप मी घरी ठेवला, कारण करवलीच्या हातात दिवा असतो आणि खांद्याला लॅपटॉपची पिशवी बरी दिसत नाही. नवरी पाटावर उभी राहिली, समोर अंतरपाट, पलीकडे नवरा. मागे मामा, फेटा बांधून. त्याच्या शेजारी दिवा घेऊन मी. मावशीने लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि तांब्या घेऊन मागच्या दाराने तुळशीकडे गेली. जाताना मला म्हणाली, "स्पीकरचा आवाज मागेपर्यंत येतो ना, ते मी सकाळीच बघून ठेवलंय."

गुरुजींचं पहिलं मंगलाष्टक झालं. मग त्यांनी मामाला खूण केली. मामाने फोन उघडला, हात लांब केला, घसा साफ केला, आणि त्या भरदार आवाजात सुरू केलं:

"खावे थालिपिठासवे मउ दहीऽऽ..."

मला वाटलं, भास झाला. पण मामा पुढे लोण्यापर्यंत पोचला होता. दोन्ही हातांत दिव्याचं ताट, समोर नवरीचा शालू, त्यामुळे मला ना फोन ओढून घेता येईना, ना मामाच्या तोंडावर हात ठेवता येईना. "मामा!" मी दबक्या आवाजात म्हणाले. मामाने मला हाताने थोपवलं. मंगलकार्यात मध्ये बोललेलं त्याला खपत नाही.

आणि सभागृहात कुणाचीही भुवई हलली नव्हती! माणसं अक्षता धरून प्रसन्न चेहऱ्याने उभी होती. एक आजी तर 'वा' अशी मान हलवत होत्या. एकटे गुरुजी डोळे मिटून उभे होते, त्यांनी एक डोळा उघडला. "आला कोण कुणाकडून कळलेऽऽ" या ठिकाणी नवऱ्याकडचे दोघेतिघे एकमेकांकडे बघू लागले. नवरीच्या मुंडावळ्या थरथरायला लागल्या. रडतेय की काय म्हणून मी वाकून पाहिलं, तर तिने ओठ दाताखाली धरले होते आणि चेहरा लालभडक झाला होता. तिसऱ्या ओळीला खरोखरच पंख्याखाली बसून फोन बघणारे एक काका दचकून उठले. मामाने "कुर्यात् सदा मंगलम्" आसमंतात सोडलं, गुरुजींनी सवयीने "शुभमंगल सावधान" म्हटलं, आणि पुण्यातल्या त्या सुशिक्षित समुदायाने थालीपिठावर अक्षता टाकल्या.

मग हशा पिकला. मामा चहूकडे बघत म्हणाला, "काय झालं? मी बरोबर वाचलं."

मागचं दार उघडलं. मावशी आली. हातात तांब्या, पदर खोचलेला. लोक आपोआप बाजूला झाले. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"हे काय होतं?"

"फाइल सापडली नाही तर दाखवायचं होतं, ते."

"आणि माझं?"

"ते घरी. लॅपटॉपवर."

"म्हणजे सुखरूप आहे," मावशी म्हणाली.

नेहमीचंच बोलणं होतं, पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. ती तुळशीपाशी कान लावून उभी होती. आपले शब्द येतील म्हणून वाट बघत होती, आणि तिला दही-लोणी ऐकू आलं होतं. मला एवढी शरम वाटली, की दिवा खाली ठेवून घरी निघून जावं. ती वळली आणि परत मागच्या दाराकडे निघाली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

गुरुजींनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "मुहूर्ताला अजून अवकाश आहे," ते म्हणाले. "एक होईल."

"आई, तूच म्हण ना," नवरी म्हणाली.

नवऱ्याकडच्या एक बाई पुढे झाल्या. "अहो, पण नवरीच्या आईने आत्ता इथे..."

"आपण तुळशीला पाणी घातलंत?" गुरुजींनी मावशीला विचारलं.

"मघापासून तेच करतेय."

"मग तुळशीचं पोट भरलं असेल. म्हणा."

मावशीने तांब्या मामाच्या हातात दिला आणि त्याच्याकडून माइक घेतला. ती लेकीच्या शेजारी, अंतरपाटाच्या अलीकडे उभी राहिली. एव्हाना कुणीही कुणाशी बोलत नव्हतं. थालीपिठामुळे सगळ्यांचे कान उघडले होते, आता पुढे काय येतंय ते कुणालाच चुकवायचं नव्हतं.

"होती काल कडेवरी चिमुकली, दारात आता उभी..."

आवाज कापत होता, पण वृत्त पक्कं होतं.

"येई भात करावयास न तिला, ठाऊक साऱ्या घरा..."

सभागृह पुन्हा हसलं. या वेळी नवरी पाटावरूनच ओरडली, "आई! कुकर लावते मी!" पलीकडून नवऱ्याचा आवाज आला, "मला येतो भात." मावशी हसली, श्वास घेतला.

"भांडा खूप, परंतु रोज मिळुनी हासून जेवा पुन्हा..."

आणि ती थांबली. लेकीकडे बघत होती. ओठ हलले, पण त्यातून काही आलं नाही. माइकमधून नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. मामाने घाईघाईने फोनकडे पाहिलं, पण तिथे अजून थालीपीठच होतं. गुरुजी थांबले. सगळे थांबले.

चौथी ओळ कालच बदलली होती. ती कुठल्याच वेबसाइटवर नव्हती आणि कुठल्याच कागदावर नव्हती. त्या सगळ्या कार्यालयात ती दोघींनाच ठाऊक होती, आणि त्यातल्या एकीला ती आता म्हणवत नव्हती.

मला गाता येत नाही. शाळेत समूहगीताला मला मागे उभं करून नुसते ओठ हलवायला सांगायचे. मी दिव्याचं ताट सांभाळत पुढे झाले, मावशीच्या हातातल्या माइकजवळ तोंड नेलं आणि जो सूर लागला त्या सुरात म्हटलं:

"आईची इतकीच एक विनती..."

पुढचं सगळ्यांनाच येत होतं. "कुर्यात् सदा मंगलम्!" सगळं सभागृह एकदम म्हणालं, आणि मामाचा आवाज त्यातही वर आला. मावशीने माझं मनगट धरलं होतं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली.

अक्षता पडल्या. वाजंत्री सुरू झाली. अंतरपाट खाली आला, समोर नवरा हार घेऊन हसत उभा होता. नवरी मात्र मागे वळून आईकडेच बघत राहिली होती, आणि गुरुजींना तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, "अहो, समोर बघा, समोर."